शेजारून आलेलं जेवण

माझा इंग्रजी बोलायला शिकवण्याचा क्लास आहे. पूर्वी तो गिरगावात एका मंडळाच्या हॉलमध्ये संध्याकाळी भरायचा. हॉल म्हणजे गणपतीचं सामान ठेवायची लांबट खोली. एका भिंतीला मखराच्या फळ्या टेकवलेल्या आणि त्यांच्यासमोर आमच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. येणारे बहुतेक नोकरी करणारे, चाळिशीच्या आसपासचे, लाजणारे. पहिले काही दिवस स्वतःचं नाव सांगतानाही त्यांना घाम फुटायचा. मग क्लास सुटला की आम्ही खाली टपरीवर कटिंग घ्यायचो. तिथे कोणी आपल्या साहेबाची नक्कल करून दाखवायचं, कोणाच्या मुलीच्या दहावीचा विषय निघायचा, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस वर्गात धडाधड चुकीचं इंग्रजी बोलायला लागायचा. मला तेवढंच हवं असायचं. शिकवायचो मी वर, पण भीती जायची ती खाली, चहा पिताना.

लॉकडाऊनमध्ये क्लास ऑनलाइन गेला आणि नंतर तिथेच राहिला. सगळ्यांनाच ते सोयीचं होतं. दादरला नायगावच्या बाजूला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. बाहेरच्या खोलीत घडीच्या टेबलावर लॅपटॉप मांडला की क्लास सुरू. मागे स्वयंपाकघर. बायकोच्या पोळ्या आणि माझे विद्यार्थी एकाच वेळी चाललेले. फक्त चहाची टपरी राहिली गिरगावात.

पडद्यावरची शांतता मला सुरुवातीला सहनच व्हायची नाही. हॉलमध्ये कोणी बोललं नाही तरी पंख्याचा आवाज असायचा, खुर्ची सरकायची. इथे नुसते दहा-बारा चौकोन, त्यातले निम्मे काळे. ऑनलाइन विद्यार्थ्यांचा विश्वास कसा मिळवावा, यावर मी तेव्हा बरंच वाचलं. नावाने हाक मारा, काहीतरी घरगुती विचारा, चुकलं तरी आधी कौतुक करा, असं सगळे लिहायचे. मी तसं करून पाहिलं. बायको आतून म्हणाली, क्रेडिट कार्ड विकणाऱ्या पोरासारखे बोलताय.

त्या सुमाराला ताई क्लासला आल्या. क्लासमध्ये आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणायचो. राहायला लालबागला, चाळीत. परळच्या एका खाजगी हॉस्पिटलात त्या वॉर्डमध्ये मावशी म्हणून कामाला होत्या. चादरी बदलणं, पेशंटला एक्स-रेला नेणं, भांडं देणं, पुसणं. पंधरा वर्षं हे काम उभ्याने केल्यावर त्यांची कंबर गेली होती. हॉस्पिटलने जाहीर केलं होतं की आतल्या लोकांपैकी जे दहावी झालेत आणि ज्यांना इंग्रजी बोलता येतं, त्यांचा ओपीडीच्या काउंटरसाठी विचार होईल. मुलाखत इंग्रजीत. प्रवेशासाठी फोन केला तेव्हाच त्यांनी मला स्वच्छ सांगितलं होतं.

"सर, मला काउंटरवर बसायचंय. बाकी काय नको. फक्त बसायचंय."

पहिल्या आठवड्यात त्या तोंड उघडायला तयार नव्हत्या. एका संध्याकाळी मी त्यांना काहीतरी विचारलं, त्या गप्प, मी गप्प, बाकीचे गप्प. तेवढ्यात त्यांच्या चौकोनात एक म्हातारं तोंड एवढं जवळ आलं की नुसतं कपाळ आणि चष्मा दिसायला लागला. त्यांच्या सासूबाई. हातात निवडायची कोथिंबीर.

"मास्तरानू, जेवलात काय?"

आमच्या क्लासमध्ये मराठी बोलायला बंदी आहे. जो बोलेल त्याने गाणं म्हणायचं, असा माझाच नियम. पण माझे वडीलही मालवणकडचे. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "नाय आजी, अजून नाय."

"कित्याक? बायल रुसली काय?"

आतून माझी बायको मोठ्याने हसली. ते माइकमधून सगळ्यांनी ऐकलं आणि सगळेच हसायला लागले. बंद असलेले कॅमेरे एकेक करून सुरू झाले. नियमाप्रमाणे मला गाणं म्हणावं लागलं, ते मी वाईट म्हटलं, आणि त्याने आणखी फायदा झाला. मग ताईंनी आपला पहिला धड इंग्रजी शब्द उच्चारला, तो होता 'सॉरी'.

दुसऱ्या दिवशीपासून मी क्लासची सुरुवात आजींच्या प्रश्नाने करायला लागलो. इंग्रजीत. आज तुमच्याकडे काय केलंय जेवायला? प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं. हा प्रश्न कोणालाही अवघड नव्हता. बांगडा, कोलंबी, भेंडी, कालची उरलेली आमटी. सिक्युरिटी सुपरवायझर असलेला एक जण रोज काहीतरी वेगळंच काढायचा. एकदा म्हणाला, "टुडे आय एट ओन्ली वाइफ्स शाउटिंग." तेवढ्या पाच-दहा मिनिटांत कोणाची ड्युटी बदलली, कोणाचा मुलगा आजारी आहे, कोणाकडे पाहुणे आलेत, हे मला कळायचं. निदान मला तसं वाटायचं. टपरी परत मिळाली असं मी बायकोला सांगितलं होतं.

आजी रोज हजर. त्यांना आम्ही नियमातून सूट दिली होती. त्या ताईंच्या मागे खाटेवर बसून काहीतरी निवडत, सोलत असायच्या आणि मध्येच टोमणा मारायच्या. "हिका इंग्लिश इला म्हणजे ही माका विचारुची नाय." त्यावर ताई मागे न वळता म्हणायच्या, "आई, आत्ता तरी कुठे विचारते?" आणि दोघी हसायच्या. पण मुलाखतीची खरी घाई आजींनाच होती. ताई ड्युटीवरून दमून आल्या आणि आज क्लास नको म्हणाल्या, तर आजी स्वतःच्या हाताने मोबाइल उभा करून द्यायच्या, हेही मला अशाच एका संध्याकाळी कळलं.

मुलाखतीसाठी मी प्रत्येकाकडून स्वतःची ओळख पाठ करून घेतो. बसल्या बसल्या पहिला प्रश्न तोच येतो, आणि ते पहिलं मिनिट नीट गेलं तर पुढचं निभावतं, हा इतक्या वर्षांचा अनुभव. ताईंची ओळख आम्ही दोघांनी मिळून तयार केली होती. माझं नाव अमुक, मी लालबागला राहते. "देअर आर फाइव्ह मेंबर्स इन माय फॅमिली." मग नवरा, दोन मुलं. मग सासूबाई. "शी इज अ व्हेरी गुड कुक." या वाक्याला एकदा आजींनी मागून विचारलं, "काय म्हणतस गो माझ्याबद्दल?" ताईंनी सांगितलं की तुम्ही जेवण चांगलं करता असं म्हणते.

"मराठीत कधी सांगलंस नाय," आजी म्हणाल्या, "आणि आता इंग्लिशीत सांगतस?"

ताई लाजल्या. मी ते वाक्य त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. सांगितलं की विचार करायचा नाही, थांबायचं नाही, टेप लावल्यासारखं म्हणायचं. विचार केलात की अडखळाल. हे मी त्यांना इतक्या वेळा बजावलं होतं की शेवटी शेवटी त्या डोळे मिटून म्हणायच्या आणि एकदाही अडखळायच्या नाहीत.

मुलाखतीला दोन आठवडे राहिले होते, तेव्हा आमच्यासारखे क्लास चालवणाऱ्या ओळखीच्या काही जणांनी रविवारी एक ऑनलाइन बैठक घेतली. ऑनलाइन विद्यार्थ्यांशी जवळीक कशी साधावी यावर प्रत्येकाने बोलायचं होतं. मी आजींची गोष्ट सांगितली. कोथिंबीर, चष्मा, बायल रुसली काय, सगळं. आवाज काढून. लोक पोट धरून हसले. एकाने विचारलं, ही जेवणाचं विचारायची युक्ती आम्ही वापरली तर चालेल का? मी म्हणालो, खुशाल वापरा.

आजी आदल्या दिवशी पहाटे गेल्या होत्या.

सोमवारी ताईंचा चौकोन काळा होता. कॅमेऱ्याची मी कोणावर सक्ती करत नाही, त्यामुळे विचारलं नाही. नेटवर्क नसेल. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी सावकाश, शब्द मोजून घेतल्यासारखं सांगितलं, "टुडे फूड केम फ्रॉम नेबर."

मी म्हणालो, "व्हेरी गुड. फ्रॉम अवर नेबर."

त्यांनी पुन्हा म्हटलं, "फ्रॉम अवर नेबर."

मी म्हणालो, लकी आहात, चांगले शेजारी मिळाले. सुपरवायझर म्हणाला, "सर, माय नेबर गिव्ह्ज ओन्ली कम्प्लेंट." सगळे हसले. ताई हसल्या की नाही ते मला दिसत नव्हतं. मी पुढच्या माणसाकडे वळलो.

मंगळवारी त्यांनी सांगितलं की जेवण नणंदेच्या घरून आलं. वाक्य बरोबर होतं, एकही चूक नव्हती. मी कौतुक केलं आणि विचारलं, काय हो, सलग दोन दिवस स्वयंपाकाला सुट्टी? त्या म्हणाल्या, "येस सर."

बुधवारी त्या म्हणाल्या, "राइस अँड दाल. नो फोडणी."

फोडणीला इंग्रजीत काय म्हणतात, हा मला शिकवण्यासारखा मुद्दा वाटला. मी सगळ्यांना विचारलं. कोणी फ्राय म्हणालं, कोणी मसाला. मी टेम्परिंग हा शब्द सांगितला, फळ्यावर लिहितात तसा पडद्यावर लिहून दाखवला, त्याची दोन वाक्यं करून घेतली. मग ताईंना विचारलं, तेल नाही? हळद नाही? त्या म्हणाल्या नाही. मी विचारलं, "आर यू ऑन अ डाएट?"

त्या म्हणाल्या, "नो सर."

क्लास संपवून मी लॅपटॉप मिटला आणि मागे पाहिलं तर बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पिठाने माखलेले हात तसेच.

"तिच्याकडे कोण गेलं?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणालो, कोण कुठे गेलं?

"अहो, दोन दिवस बाहेरून जेवण, आज बिनफोडणीची डाळ. चूल पेटली नाही त्या घरात. कोण गेलं?"

मी खुर्चीत बसूनच राहिलो.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी लालबागच्या चाळीतच वाढलो. वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. त्या दिवशी आमच्या घरात स्टोव्ह पेटला नाही. संध्याकाळी सगळं उरकून आम्ही परत आलो तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातून पिठलं-भात आला. भाताच्या पातेल्यावर त्यांच्या घरातल्या कोणाचं तरी नाव कोरलेलं होतं, आणि मी जेवताना ते नाव पुन्हा पुन्हा वाचत होतो, हे मला आजही आठवतं. पुढचे सुतकाचे सगळे दिवस आईने फोडणी दिली नाही. फोडणीचा वास जिन्यापर्यंत जातो, लोकांना कळतं. आमच्यात कोणाच्या घरून फोडणीचा वास येत नसेल तर शेजारी विचारत नाहीत, नुसते येऊन बसतात. हे मला कोणी शिकवलेलं नाही, इतकं ते अंगातलं आहे.

ताईंनी हीच गोष्ट मराठीत सांगितली असती, 'आमच्याकडे शेजारून आलं' एवढंच, तरी मी पुढचं वाक्य ऐकण्याआधी क्लास थांबवला असता. पण त्यांनी ती इंग्रजीत सांगितली, कारण मी तसा नियम केला होता. आणि इंग्रजीतलं वाक्य कानावर आलं की मी ते फक्त तपासतो. कोणाच्या घरात काय घडलंय ते ऐकत नाही. रोज घरचं विचारणारा मी, मला उत्तर नको होतं. वाक्य हवं होतं.

रात्री फोन करायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी क्लास रद्द केल्याचं ग्रुपवर टाकलं आणि संध्याकाळी आम्ही दोघं लालबागला गेलो. वाटेत बायको मला लहान मुलासारखं बजावत होती. तिथे चहा-पाणी घ्यायचं नाही. निघताना येतो म्हणायचं नाही, नुसतं उठायचं. आणि भाषण करू नका.

चाळीच्या जिन्यात, गॅलरीत मिरच्या-मसाल्यांचा झणझणीत वास भरून राहिला होता. खाली मसाला कुटायचा डंक आहे. ताईंच्या दारात चपला होत्या. आत जमिनीवर एक दिवा, त्याच्याभोवती पीठ पसरलेलं, आणि बाजूला चटईवर ताई. मी त्यांना प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहत होतो. पडद्यावर वाटायच्या त्यापेक्षा खूप लहान चणीच्या होत्या. मागची खाट मी लगेच ओळखली. गादी गुंडाळून ठेवली होती.

त्यांच्या नवऱ्याने मला बसायला जागा करून दिली आणि कोणालातरी सांगितलं, हे इंग्लिशचे सर. मग मुलांकडे बघून म्हणाला, आजीचे मास्तर. पहाटे उठून पाणी भरायला गेल्या, हंडा ठेवला आणि तिथेच बसल्या, असं त्याने सांगितलं. छातीत कळ आली म्हणाल्या. टॅक्सी मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. ज्या हॉस्पिटलात सून काम करते तिथेच नेलं, पण उपयोग झाला नाही.

बायको ताईंजवळ जाऊन बसली आणि तिने त्यांचा हात धरला. मी समोर. शेवटी मी म्हणालो की मला माहीत नव्हतं, तुम्ही एक फोन तरी करायचात.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या पेशंटला समजावून सांगतात तसं.

"मी सांगितलं होतं ना सर."

मी मान खाली घातली.

"रोज विचारता तुम्ही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, कळेल. मराठीत सांगायला लागले असते तर सगळ्यांसमोर रडले असते. इंग्लिशमध्ये बोलताना रडू येत नाही सर. शब्द शोधायला लागतात ना."

मग त्यांनीच मला सांगितलं की क्लासला का बसल्या. आई असत्या तर चुकवू दिला नसता म्हणून. बाकी घरात कोणाशी बोलावंसं वाटत नव्हतं, तेवढा एक तास बरं वाटायचं. बुधवारी मात्र नाही वाटलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. पण मी डाएटचं विचारलं होतं ते आम्हा दोघांनाही आठवत होतं, हे मला त्यांच्याकडे न बघताही कळत होतं.

थोड्या वेळाने बायकोने मला डोळ्यांनी खुणावलं. आम्ही उठलो. दारात चपला घालताना माझ्या तोंडाशी शब्द आले होते. क्लास संपवताना रोज म्हणतो तेच, उद्या भेटू. मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि बाहेर पडलो. ताईही काही बोलल्या नाहीत. रीतच तशी आहे.

जिन्यावरून उतरताना बायकोने विचारलं, मुलाखत कधी आहे तिची? मी म्हणालो, तेरावं झाल्यावर तीन-चार दिवसांनी असेल. त्या घरात आत्ता हा विषय कसा काढणार होतो? ती म्हणाली, "आत्ता नका काढू. पण फोन करा दोन दिवसांनी. तुमचं काम आहे ते."

मी फोन केला नाही.

मला जे लिहायचं होतं ते खरं हेच आहे. बुधवारची चूक अनवधानाची होती, ती कोणालाही सांगता येते, आणि सांगितली की समोरचा म्हणतो, जाऊ द्या हो, तुम्हाला तरी काय माहीत. पण पुढचे दोन आठवडे मला सगळं माहीत होतं. ताई क्लासला येईनाशा झाल्या. रोज आठ वाजता मी त्यांचा चौकोन शोधायचो आणि तो नाही असं पाहून मला आधी वाईट वाटायचं आणि मग, लपवून काय उपयोग, सुटल्यासारखं वाटायचं. त्यांच्यासमोर पुन्हा तोच प्रश्न विचारावा लागणार नव्हता. मोबाइलवर त्यांच्यासाठी मजकूर लिहायचो. तब्येतीची काळजी घ्या. तयारी कशी चाललीय? वेळ असेल तर अर्धा तास बोलू. लिहून पुसून टाकायचो. त्या दुःखात आहेत, त्यांना त्रास नको, असं बायकोला सांगायचो. दोन-तीनदा ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, त्रास तिला होईल म्हणून थांबलाय की तुम्हाला? त्यानंतर तिने विचारणं सोडलं.

पंधरा वर्षं उभ्याने काढलेली बाई बसायची जागा मागत होती, आणि त्या जागेपर्यंत पोचवायला मी पैसे घेतले होते. तिचा विश्वास मी खाण्यापिण्याच्या गप्पा मारून मिळवला होता, आणि गरज पडली तेव्हा मी तिला टाळत होतो, तेही सभ्यपणाच्या नावाखाली.

ताईंचा फोन आला तो सकाळचा. मी बाजारातून आलो होतो, भाजीची पिशवी अजून हातातच होती. त्यांचं नाव पाहून ती तशीच धरून मी फोन घेतला. त्यांनी आधी बायकोची चौकशी केली. मग म्हणाल्या की काल मुलाखत झाली, तुम्हाला सांगायला हवं म्हणून फोन केला. झालं नाही सर. पुढच्या वर्षी पुन्हा घेतील म्हणतात, तेव्हा बघू.

मी विचारलं, काय विचारलं त्यांनी?

"तेच, तुम्ही सांगितलेलं. टेल अबाउट युवरसेल्फ. मी सुरू केलं. टेप लावल्यासारखं. नाव सांगितलं, लालबाग सांगितलं. मग देअर आर म्हटलं, आणि पाच म्हणायचं की चार, तिथेच अडकले सर."

मी भाजीची पिशवी खाली ठेवली.

"पाच तोंडात बसलंय ना," त्या म्हणाल्या. "चार म्हणायला गेले तर पुढचं वाक्य येईना. तिन्ही साहेब बघत बसले. त्यांत एक बाई होत्या, त्यांनी पाणी दिलं. चांगल्या होत्या त्या."

एक वाक्य बदलायचं होतं. फार तर दोन. सासूबाई आमच्याबरोबर राहत असत, त्या स्वयंपाक फार छान करायच्या, एवढंच भूतकाळात करून घ्यायचं. फोनवर दहा मिनिटांचं काम. आणि त्या दहा मिनिटांत त्यांनी ते वाक्य माझ्यासमोर पहिल्यांदा म्हटलं असतं, इंग्रजीत किंवा मराठीत, रडून किंवा न रडता. तीन अनोळखी माणसांसमोर नसतं म्हणावं लागलं. हे माझ्याशिवाय कोणाला सुचणार होतं? ते पाच मीच तर त्यांच्या तोंडात बसवलं होतं.

मी त्यांना सांगितलं की चूक माझी आहे, मी फोन करायला हवा होता. त्या म्हणाल्या, नाही हो सर, माझंच लक्ष नव्हतं. मी म्हणालो की पुढच्या वर्षीची तयारी आपण आजपासून करू, रोज वेगळा वेळ देईन, एक पैसा घेणार नाही. मी भरभर बोलत होतो. त्या ऐकून घेत होत्या, आणि मागे वॉर्डचा आवाज येत होता, कोणीतरी मावशी, मावशी करून हाक मारत होतं. मला कळलं की त्या ड्युटीवरून, उभ्यानेच बोलताहेत.

"बघू सर," त्या म्हणाल्या.

हे 'बघू' मी चांगलं ओळखतो. मुंबईत तोंडावर 'नाही' म्हणायचं नसलं की आम्ही सगळे तेच म्हणतो.

त्याला आता वर्ष होत आलं. ताई आल्या नाहीत. मी दोनदा निरोप पाठवला, दोन्ही वेळा त्यांनी हात जोडल्याची खूण पाठवली. क्लास चालू आहे. नवे लोक आले, त्यांना ताई माहीत नाहीत. जुन्यांपैकी सुपरवायझर आहे अजून, त्याने एकदा विचारलं, सर, ते जेवणाचं विचारायचं बंद केलं का? मी म्हणालो, वेळ फार जातो त्यात. दुसरं एक मी करतो. कोणी घरच्या माणसांचा आकडा सांगितला की मी त्याला थांबवतो आणि कोण कोण ते मराठीत विचारतो. नियम माझाच आहे, मीच मोडतो आणि गाणं म्हणत नाही. त्याचा ताईंना काहीही उपयोग नाही, हे मला कळतं.

त्या दिवशी फोन ठेवण्याआधी ताई क्षणभर थांबल्या होत्या. मला वाटलं, आता तरी त्या मला काही बोलतील. बोलाव्यात असं वाटत होतं.

"जेवलात सर?"

सकाळचे दहा वाजायचे होते. त्या वेळी कोणी कोणाला जेवणाचं विचारत नाही. त्या घरात फोन ठेवताना तसं म्हणायची सवय असणार, आणि कोणाची ती मला माहीत होतं.

नाही, अजून नाही, मी म्हणालो. मराठीतच म्हणालो. पुढे काहीतरी विचारतील म्हणून थांबलो. पण पलीकडून कोणीतरी पुन्हा मावशी म्हणून हाक मारली आणि त्या गेल्या.